विश्लेषण : ‘रस्ट’ शिकणे अवघड, तरीही गरजेचे का?

१९ जुलै २०२४ रोजी देशातील अनेक विमानतळांवर प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते. कारण होते ‘क्राउडस्ट्राइक’ कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरमधील एक चूक. एका तपासणीसाठी २१ मूल्ये अपेक्षित होती, पुरवली गेली २०. एकविसावे मूल्य वाचायला गेलेले सॉफ्टवेअर मेमरीच्या हद्दीबाहेर गेले आणि त्याच्यासोबत सगळा संगणक कोसळला. हद्दीबाहेरच्या वाचनाची ही चूक संगणकशास्त्रात नवी नाही. अशा चुका कोड लिहितानाच अडवणारी भाषा म्हणून ‘रस्ट’चे नाव गेल्या काही वर्षांत सतत घेतले जाते. पण ती शिकायला अवघड आहे, अशी तक्रारही तितकीच जुनी आहे. हे कष्ट घ्यावेत का आणि कुणी, याविषयी...

मेमरीची चूक म्हणजे नेमके काय?

कोणताही प्रोग्राम चालताना संगणकाच्या मेमरीत जागा मागतो, वापरतो आणि काम झाले की परत करतो. सी आणि सी प्लस प्लस या भाषांत हा सगळा हिशेब मुख्यत्वे प्रोग्रामरने सांभाळायचा असतो. त्यात प्रामुख्याने दोन प्रकारच्या चुका होतात. पहिली हद्दीची. ताटातल्या वाटीत मावेल त्यापेक्षा जास्त आमटी ओतली, तर ती शेजारच्या भातात जाते. तसाच ठरलेल्या जागेपेक्षा जास्त मजकूर लिहिला गेला, तर तो शेजारच्या माहितीवर पसरतो. दुसरी चूक वेळेची. भाडेकरूने खोली सोडली, पण किल्ली स्वत:जवळच ठेवली. खोलीत नवे बिऱ्हाड आल्यावर तो त्याच किल्लीने आत शिरला, तर जे होईल तेच परत केलेली मेमरी पुन्हा वापरल्यावर होते.

अशा चुकीने प्रत्येक वेळी प्रोग्राम बंद पडेलच असे नाही. पुष्कळदा तो वर्षानुवर्षे नीट चालल्यासारखा दिसतो. खरा धोका तिथेच आहे. कारण हल्लेखोर नेमकी अशीच जागा शोधतो आणि त्या सांडलेल्या आमटीतून स्वत:च्या आज्ञा आत सोडतो.

या चुका किती जुन्या, किती महाग?

सी भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत घडवली. तेव्हा संगणकाची मेमरी अतिशय तुटपुंजी होती आणि परके संगणक जाळ्यातून येऊन दार वाजवतील, अशी परिस्थिती नव्हती. त्या काळासाठी प्रोग्रामरवर पूर्ण विश्वास टाकणारी भाषा योग्यच होती. मात्र नोव्हेंबर १९८८ मध्ये ‘मॉरिस वर्म’ने त्या विश्वासाची किंमत दाखवली. युनिक्स संगणकांवरील एका लहानशा सेवेत, येणारा मजकूर किती लांब आहे हे न तपासताच साठवला जात होता. वर्म पसरण्याच्या वाटांपैकी ती एक वाट ठरली.

त्यानंतर २६ वर्षांनी, एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ उघडकीस आले. संकेतस्थळांची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या सॉफ्टवेअरला ‘हा शब्द परत पाठव, तो इतका लांब आहे’ असे सांगता येत असे. शब्द चार अक्षरांचा आणि सांगितलेली लांबी हजारोंची असली, तरी सॉफ्टवेअर खातरजमा न करता शेजारची मेमरीही पाठवून देई. एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत, पासवर्ड आणि गुप्त किल्ल्यांसकट. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत केले, तेव्हाही मुळाशी विंडोजच्या फाइल वाटपाच्या यंत्रणेतील मेमरीचीच चूक होती.

‘काळजीपूर्वक लिहा’ हा सल्ला का पुरत नाही?

प्रत्येक घटनेनंतर एकच सल्ला दिला जातो : प्रोग्रामरने दक्ष राहावे. पण २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी मांडलेला हिशेब बोलका आहे. कंपनी दरवर्षी ज्या सुरक्षा त्रुटी दुरुस्त करते, त्यांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या चुकांमुळे असतात आणि हे प्रमाण वर्षानुवर्षे जवळपास तेवढेच राहिले आहे. २०२० मध्ये गूगलच्या क्रोम ब्राउझरमधील गंभीर सुरक्षा त्रुटींचा आकडाही ७० टक्क्यांच्या आसपासच निघाला. या कंपन्यांकडे अनुभवी अभियंते आहेत, तपासणीची साधने आहेत, पैसा आहे. तिथेही आकडा हलत नसेल, तर दोष एखाद्या प्रोग्रामरच्या निष्काळजीपणाचा आहे असे म्हणता येत नाही. दोष व्यवस्थेचा आहे.

रेल्वेने हा धडा फार पूर्वी गिरवला. रूळ कुठे जोडले आहेत हे न पाहता सिग्नल देऊ नका, अशी केवळ सूचना लावून रेल्वे थांबली नाही. इंटरलॉकिंग बसवले, म्हणजे रूळ योग्य जागी नसतील तर सिग्नल पडतच नाही. केबिनमधला माणूस दमलेला असो वा नवखा, यंत्रणा त्याला चूक करू देत नाही. सॉफ्टवेअरच्या जगात मेमरीपुरते हे इंटरलॉकिंग म्हणजे ‘मेमरी-सेफ’ भाषा.

जावा, पायथन, गो असताना रस्ट कशाला?

मेमरी-सेफ भाषा आधीपासून आहेत आणि त्या यशस्वीही आहेत. जावा, पायथन, गो यांसारख्या भाषांत वापरून झालेली मेमरी गोळा करणारा एक सफाई कामगार प्रोग्रामसोबत सतत फिरत असतो. त्याला ‘गार्बेज कलेक्टर’ म्हणतात. कार्यालयीन सॉफ्टवेअर, संकेतस्थळे, माहितीचे विश्लेषण यांसाठी ही व्यवस्था उत्तम आहे. अशा कामासाठी कुणी रस्टचा आग्रह धरत असेल, तर तो बहुतेक वेळा हौसेचा भाग असतो.

पण हा सफाई कामगार जागा खातो आणि अधूनमधून काम थांबवतो. संदेशवहन सेवा ‘डिस्कॉर्ड’ने आपली एक महत्त्वाची सेवा गो मधून रस्टमध्ये नेली, ती याच कारणाने. साधारण दर दोन मिनिटांनी सफाईमुळे प्रतिसादाचा वेळ अचानक वाढत होता. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, मोटारीच्या ब्रेकचा नियंत्रक, राउटर, वैद्यकीय उपकरणाची चिप अशा ठिकाणी तर असा कामगार सोबत ठेवणे बहुधा परवडतच नाही. ‘सिस्टीम्स प्रोग्रामिंग’ म्हणतात ते हेच क्षेत्र. इथे वेग हवा असेल तर सुरक्षितता सोडा आणि सुरक्षितता हवी असेल तर वेग सोडा, अशी निवड अनेक दशके करावी लागत होती. ती टाळता येते हे व्यवहारात दाखवून देणे, ही रस्टची खरी कामगिरी.

ही भाषा आली कुठून?

२००६ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर शहरात ग्रेडन होर हा मोझिला कंपनीतील प्रोग्रामर घरी परतला, तेव्हा इमारतीची लिफ्ट बंद होती. तिचे सॉफ्टवेअर कोसळले होते आणि घर होते एकविसाव्या मजल्यावर. लिफ्टसारखी साधी गोष्टही कोसळणार नाही अशी भाषा हवी, या विचारातून त्याने फावल्या वेळात काम सुरू केले. २००९ पासून मोझिलाने त्याला पाठबळ दिले. १५ मे २०१५ रोजी रस्टची पहिली स्थिर आवृत्ती आली. २०२१ मध्ये स्वतंत्र रस्ट फाउंडेशन उभे राहिले. त्याच्या संस्थापक सदस्यांत गूगल, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉनची क्लाउड कंपनी, हुआवे आणि मोझिला होत्या.

नावाचा अर्थ अनेकांना गंज असा वाटतो. होरच्या डोळ्यासमोर होती ती रस्ट नावाची बुरशी, म्हणजे गव्हावर पडणारा तांबेरा. काही केल्या हटत नाही, टिकून राहते, हा तिचा गुण त्याला भावला होता. गव्हाच्या शेतकऱ्याला मात्र हे कौतुक पटणे अवघड!

रस्टचे नियम नेमके काय आहेत?

पहिला नियम मालकीचा. प्रत्येक माहितीचा एका वेळी एकच मालक असतो. जमीन विकून फेरफार झाला, सातबाऱ्यावर नवे नाव चढले, की जुन्या मालकाला तिथे पेरणी करता येत नाही. रस्टमध्येही एखादी माहिती दुसऱ्या नावाकडे सोपवली, की जुन्या नावाने ती वापरता येत नाही. मालकाचे काम संपले की मेमरी आपोआप परत होते. सफाई कामगार लागत नाही आणि जुनी किल्ली कुणाकडे उरत नाही.

दुसरा नियम उसनवारीचा. मालकी न सोडता माहिती तात्पुरती वापरायला देता येते, पण अटीवर. कार्यालयातली नोंदवही एका वेळी कितीही जण वाचू शकतात, पण कारकून तीत खाडाखोड करत असेल, तेव्हा दुसऱ्या कुणी ती वाचायची नाही आणि लिहायचीही नाही. वाचणारे अनेक किंवा लिहिणारा एक. दोन्ही एकदम नाही. एकाच वेळी अनेक कामे करणाऱ्या प्रोग्राममध्ये दोन धागे एकाच माहितीवर झडप घालतात, तो प्रकारही याच नियमाने बंद होतो.

हे नियम प्रोग्राम चालताना पाहिले जात नाहीत. कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर ते आधीच तपासतो. नियम मोडला असेल, तर प्रोग्राम तयारच होत नाही. हद्दीबाहेरच्या वाचनाची तपासणी मात्र अनेकदा प्रोग्राम चालतानाच करावी लागते. तिथे रस्ट चुकीचे वाचन करू देण्याऐवजी प्रोग्राम थांबवते किंवा ‘असे मूल्य नाही’ असे उत्तर देऊन पुढचा निर्णय प्रोग्रामरला घ्यायला लावते.

याचा उपयोग झाल्याचा पुरावा आहे का?

सर्वात ठोस पुरावा बहुतेकांच्या खिशातच आहे. अँड्रॉइडमधील सुरक्षा त्रुटींत मेमरीच्या चुकांचा वाटा २०१९ मध्ये ७६ टक्के होता. २०२४ मध्ये तो २४ टक्क्यांवर आला. यातली लक्षणीय बाब अशी की, गूगलने जुना कोड पाडून सगळा नव्याने लिहिला नाही. नवा कोड रस्ट, कोटलिन अशा मेमरी-सेफ भाषांत लिहायला सुरुवात केली आणि जुना तसाच ठेवून दुरुस्त करत राहिले. मेमरीच्या चुका नव्या कोडमध्ये अधिक असतात. जुना कोड वापरात राहतो तशा त्या सापडत आणि कमी होत जातात. त्यामुळे नळ बंद केला की साचलेले पाणी हळूहळू ओसरते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने नोव्हेंबर २०२२ मध्ये मेमरी-सेफ भाषांकडे वळण्याचा सल्ला दिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये व्हाइट हाऊसच्या सायबर कार्यालयाने त्याच आशयाचा अहवाल काढला. लिनक्सच्या गाभ्यात डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून रस्टला प्रवेश मिळाला. तो वाद न होता मिळाला असे नाही. अनेक वर्षे सी मध्ये काम केलेल्या देखभालकर्त्यांना दुसऱ्या भाषेचा भार नको होता. या ओढाताणीला कंटाळून २०२४ मध्ये रस्टच्या बाजूच्या एका प्रमुख विकासकाने काम सोडले. त्या देखभालकर्त्यांचा आक्षेप निव्वळ हेकटपणा नव्हता. दोन भाषांतला कोड सांभाळण्याचा खर्च खरा असतो आणि तो नव्या भाषेच्या उत्साही समर्थकांना नव्हे, तर मागे राहून दुरुस्त्या करणाऱ्यांना सोसावा लागतो.

मग रस्टमध्ये चुका होतच नाहीत का?

होतात. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी ‘क्लाउडफ्लेअर’ची सेवा कोलमडली आणि जगभरातील असंख्य संकेतस्थळे बंद पडली. त्यांच्या यंत्रणेतील एका फाइलचा आकार अचानक दुप्पट झाला. त्यातील नोंदी २०० च्या मर्यादेपलीकडे गेल्या आणि कोडने ‘चूक येणारच नाही’ असे गृहीत धरले होते. हा कोड रस्टमध्ये होता. ‘अनरॅप’ ही सोयीची आज्ञा वापरून चुकीची शक्यता बाजूला सारली गेली होती. मेमरी शाबूत राहिली, कुणाची गुप्त माहिती त्यातून सांडली नाही, पण सेवा पडायची ती पडलीच.

क्राउडस्ट्राइकबाबतही म्हणूनच जपून बोलायला हवे. रस्टने ते हद्दीबाहेरचे वाचन होऊ दिले नसते हे खरे. पण एकविसावे मूल्य नसेल तर काय करायचे, याचे उत्तर कोडमध्ये लिहिले नसते, तर ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातले ते सॉफ्टवेअर तिथेही थांबलेच असते. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग४शेल’ त्रुटीने जगाची झोप उडवली, ती जावा या मेमरी-सेफ भाषेतील सॉफ्टवेअरमध्ये होती. शिवाय रस्टमध्ये ‘अनसेफ’ नावाची पळवाट आहे. हार्डवेअरशी थेट बोलताना तिची गरज पडते. तेवढ्या भागाची जबाबदारी पुन्हा प्रोग्रामरवरच येते. फायदा इतकाच, आणि तो मोठा आहे, की धोक्याची जागा कोडमध्ये शब्द लिहून दाखवलेली असते. तपासणाऱ्याला लाखो ओळी चाळाव्या लागत नाहीत.

सी प्लस प्लसचे जनक बियार्न स्ट्राउस्ट्रप यांचे म्हणणेही नोंदवायला हवे. आधुनिक सी प्लस प्लस शिस्तीने लिहिली तर बरीच सुरक्षित होते, असे ते सांगतात. त्यात तथ्य आहे. प्रश्न एवढाच की ती शिस्त स्वेच्छेची असते, तर रस्टमध्ये ती सक्तीची.

ती शिकायला इतकी अवघड का वाटते?

इतर भाषांत पहिल्या दिवशी काहीतरी चालते आणि चुका महिन्यांनी सापडतात. रस्टमध्ये सगळे दुखणे पहिल्या आठवड्यातच येते. प्रोग्राम बरोबर दिसतो, पण कंपायलर नाही म्हणतो. तो का नाही म्हणतो हेही सांगतो. कोणत्या ओळीत मालकी गेली, कोणत्या ओळीत ती पुन्हा वापरली, काय करता येईल, हे तो खुणा करून दाखवतो. नवशिके हे संदेश वाचत नाहीत, इथेच बरेच जण अडखळतात. गणिताच्या शिक्षकाने वहीत लाल शाईने लिहिलेला शेरा न वाचता नुसते गुण पाहावेत, तसा हा प्रकार.

गूगलने आपल्याकडील रस्ट शिकलेल्या विकासकांना विचारले, तेव्हा दोन तृतीयांशांहून अधिक जणांनी दोन महिन्यांच्या आत रस्टच्या कोडमध्ये भर घालण्याचा आत्मविश्वास आल्याचे सांगितले. ते अनुभवी होते आणि शेजारी विचारायला माणूस होता, हे लक्षात घ्यायला हवे. एकट्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्याने याच्या दुप्पट वेळ गृहीत धरावा. त्यात कमीपणा नाही.

सुरुवात कुठून करावी?

खर्चाची अडचण नाही. स्टीव्ह क्लॅबनिक आणि कॅरल निकोल्स यांचे ‘द रस्ट प्रोग्रामिंग लँग्वेज’ हे पुस्तक इंटरनेटवर मोफत वाचता येते. ‘रस्टलिंग्ज’ हा छोट्या सरावांचा संच आणि गूगलच्या अँड्रॉइड गटाचा ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह रस्ट’ हा अभ्यासक्रमही मोफत आहे. त्या पुस्तकात मराठी विद्यार्थ्याला ओळखीची एक खूण भेटते. मजकुरातील अक्षर क्रमांकाने का उचलता येत नाही, हे समजावण्यासाठी लेखकांनी देवनागरीतला ‘नमस्ते’ हा शब्द घेतला आहे. संगणकात तो १८ बाइटचा, युनिकोडच्या हिशेबाने ६ चिन्हांचा आणि मराठी डोळ्याला तीन अक्षरांचा! ‘तिसरे अक्षर दे’ म्हटल्यावर नेमके काय द्यायचे, हा प्रश्न रस्ट झाकून ठेवत नाही. मराठी मजकूर मधेच तुटून चौकोन दिसू लागण्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना यामागचे शहाणपण लगेच कळेल.

पहिला प्रकल्प छोटा असावा. फाइलमधले शब्द मोजणे किंवा खर्चाच्या यादीची बेरीज करणे पुरेसे आहे. दोन्ही दिशांनी जोडलेली ‘लिंक्ड लिस्ट’ मात्र सुरुवातीला टाळावी. सी मध्ये ती दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात शिकवतात, पण तिच्या प्रत्येक दुव्याकडे दोन बाजूंनी बोट दाखवले जाते आणि एका मालकाच्या नियमाशी त्याची पहिल्याच दिवशी टक्कर होते. कंपायलर अडवेल तिथे माहितीची प्रत काढून पुढे जाणे, म्हणजे ‘क्लोन’ वापरणे, शिकताना चालते. मात्र तीच सवय राहिली, तर रस्ट शिकण्याचा हेतू हरवतो.

सी सोडून द्यावी का?

मुळीच नाही. राज्यातील अभियांत्रिकीच्या अनेक विद्यार्थ्यांची प्रोग्रामिंगशी पहिली ओळख सी भाषेनेच होते आणि ती उपयोगी आहे. मेमरी म्हणजे काय, पत्ता म्हणजे काय, हे सी इतके उघडे करून फार कमी भाषा दाखवतात. गोंधळ पुढे होतो. प्रोग्रामचे उत्तर बरोबर आले की प्रयोगवहीवर सही होते. तो हद्दीबाहेर वाचतो का, घेतलेली मेमरी परत करतो का, हे क्वचितच पाहिले जाते. सी मध्ये मुद्दाम चूक करावी, ‘व्हॅलग्राइंड’सारख्या साधनाने ती पकडावी आणि तोच प्रोग्राम रस्टमध्ये लिहून कंपायलर कुठे अडवतो ते पाहावे. एवढे एक प्रात्यक्षिक अभ्यासक्रमात आले, तरी विद्यार्थी पुढे कोणत्याही भाषेत अधिक सावध लिहितील.

याचा पुण्याशी थेट संबंध आहे. वाहनांतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रकांचे सॉफ्टवेअर लिहिणारे अनेक अभियंते तिथे काम करतात आणि हे क्षेत्र आजही प्रामुख्याने सी वर उभे आहे. तिथेही बदल सुरू झाला आहे. वाहन सुरक्षेच्या आयएसओ २६२६२ मानकासाठी पात्र ठरलेला ‘फेरोसीन’ हा रस्टचा कंपायलर २०२३ मध्ये आला. व्होल्वोने आपल्या विजेवर चालणाऱ्या मोटारीतील एका नियंत्रकात रस्टचा कोड वापरला आहे. हे चित्र रातोरात पालटणार नाही. जावा किंवा पायथनच्या तुलनेत रस्टच्या नोकऱ्या आजही कमी आहेत. केवळ कॅम्पस मुलाखतीसाठी रस्ट शिकणाऱ्याची निराशा होऊ शकते. पण ज्याला यंत्राच्या जवळ राहून काम करायचे आहे, त्याच्यासाठी सी च्या जोडीला रस्ट येणे ही आता हौस राहिलेली नाही.

कोड एआयच लिहिणार असेल, तर शिकायचे कशाला?

कोड लिहिणे स्वस्त होत जाईल, तसे तो तपासणे महाग होत जाईल. एआयने दिलेला सी मधला कोड बरोबर दिसतो, चालतोही. त्यातली जुनी किल्ली कुठे लपली आहे हे शोधणे माणसावर येते. रस्टमध्ये त्या तपासणीचा मोठा भाग कंपायलर करतो. मात्र ‘अनरॅप’ कुठे चालेल, ‘अनसेफ’ची खरेच गरज आहे का, माहितीची मालकी कुणाकडे असावी, हे प्रश्न उरतातच. त्यांची उत्तरे भाषा समजलेल्या माणसालाच देता येतील.

मेमरीच्या चुकीची किंमत कुणीतरी मोजतोच. आजवर ती मोजली विमानतळावर ताटकळलेल्या प्रवाशाने, शस्त्रक्रिया पुढे ढकललेल्या रुग्णाने, पासवर्ड चोरीला गेलेल्या ग्राहकाने. यांपैकी कुणीही ती चूक केलेली नव्हती. रस्ट त्या किमतीचा एक भाग कोड लिहिणाऱ्याच्या टेबलावर, कोड लिहितानाच आणून ठेवते. शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यात जो त्रास होतो, तो हाच.